सभासद याद्या, शोकसंदेश आणि फोनवरचे ठग

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या बहुतेक मराठी मंडळांची आणि ज्ञातिसंस्थांची सभासद यादी वेळोवेळी निघते. पूर्वी ती छापील असे, शे-दोनशे घरांत जाई आणि टेलिफोनशेजारच्या खणात पडून राही. आता तीच यादी पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात येते आणि एका संध्याकाळीत कुठल्या कुठे जाते. तिच्यातली एक ओळ नीट वाचून पाहावी. पूर्ण नाव, जन्मतारीख, लग्नाची तारीख, लोकमान्य नगरातल्या किंवा सुदामा नगरातल्या घराचा पत्ता, मोबाइल, पत्नीचे नाव, मुलगा कोणत्या गावी कोणत्या कंपनीत, आणि शेवटी ‘वीज मंडळातून निवृत्त’. वाढदिवसाला शुभेच्छा देता याव्यात म्हणून गोळा केलेली ही माहिती ठगाच्या हाती पडली, तर त्याला वेगळी चौकशी करावी लागत नाही.

‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे आपण सगळे अनेक वर्षे ऐकतो आहोत. सूचना योग्यच आहे, पण ती पुरत नाही. आजचा ठग आल्याआल्या काही विचारत नाही. तो आधी सांगतो. तुमचे नाव, जन्मतारीख, कोणत्या खात्यातून कोणत्या साली निवृत्त झालात, पत्नीचे नाव काय. एवढे बिनचूक सांगणारा माणूस कार्यालयातलाच असणार, असे ऐकणाऱ्याला वाटते. त्यातून आपल्या शहरात बँक, वीज कंपनी, नगर निगम सगळीकडचा व्यवहार हिंदीतच चालतो. त्यामुळे ‘अंकलजी, आपका लाइफ सर्टिफिकेट पेंडिंग है’ हे वाक्य कानाला खटकतही नाही. विश्वास बसल्यावर ओटीपी मागितला जातो तेव्हा ती नेहमीची सूचना आठवत नाही. म्हणून राखण ओटीपीच्या बऱ्याच आधीपासून करायला हवी, आणि त्यातला मोठा भाग आपल्या स्वतःच्या हातात आहे.

वधू-वर परिचय सूचीचे तर विचारूच नका. तिच्यात फोटो, जन्मवेळ, पगार, घर स्वतःचे की भाड्याचे, आई-वडिलांचे मोबाइल, सगळे एकाच पानावर असते. सूची निघायलाच हवी, तिची गरज आहे. पण ती पीडीएफ करून गटात टाकण्याची गरज नाही. नोंदणी क्रमांक, वय, शिक्षण, उंची आणि गाव एवढेच छापावे. संपर्क क्रमांक मंडळाकडे राहावा आणि दोन्ही घरांची संमती घेऊन मग द्यावा. पगाराचा आकडा छापायचे कारण मला तरी दिसत नाही.

शोकसंदेशांबद्दल आपल्याला मुद्दाम लिहितो आहे, कारण ते आपल्या अंकात येतात. गेलेल्या व्यक्तीचे पूर्ण नाव, वय, कोणत्या संस्थेतून निवृत्त, पत्नी, मुले, सुना, राहण्याचा पत्ता आणि खाली दोन मोबाइल क्रमांक असा सगळा मजकूर असतो. दहाव्या-बाराव्याच्या धामधुमीत फोन येतो. विम्याचा बोनस बाकी आहे, पेन्शनची थकबाकी आहे, बँकेत दावा न केलेली रक्कम आहे. ‘प्रोसेसिंग’चे थोडे पैसे भरा म्हणजे चेक निघेल. घरच्यांना कागदपत्रांची अजून काहीच कल्पना नसते, त्यामुळे खरे-खोटे ताडणे अवघड जाते. या बाबतीत काही गोष्टी ठाऊक असाव्यात. विमा नियामक प्राधिकरण कोणालाही फोन करून बोनस देत नाही आणि पॉलिसी विकत नाही. दावा न केलेल्या ठेवी शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेचे ‘उद्गम’ हे पोर्टल आहे, ते २०२३ मध्ये सुरू झाले आणि तिथे शोध घ्यायला पैसे लागत नाहीत. पैसे मिळण्यासाठी आधी पैसे भरायला सांगणारा फोन सरळ बंद करावा.

त्याच घरात आणखी एक गोष्ट हमखास नजरेआड होते. गेलेल्या माणसाचे सिम रिचार्ज न होता बंद पडते. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. त्या क्रमांकाला बँक खाते, ईमेल, आधार जोडलेले असेल तर पुढचे ओटीपी अनोळखी माणसाकडे जातात. म्हणून खाती, पेन्शन, विमा, गॅस या सगळ्यांचा निकाल लागेपर्यंत ते सिम सर्वांत स्वस्त रिचार्जवर चालू ठेवावे आणि घरातल्या जबाबदार माणसाकडे द्यावे. स्वतःचा क्रमांक बदलतानाही क्रम हाच. आधी बँक, ईमेल आणि आधारमध्ये नवा क्रमांक नोंदवायचा, जुना त्यानंतर सोडायचा.

आता आधारकडे. आपल्याकडे राज्य सरकारची लाडली बहना योजना असो, समग्र आयडीची (मध्य प्रदेशातल्या रहिवाशाच्या ओळख क्रमांकाची) ई-केवायसी असो की शाळेचा प्रवेश, दर वेळी कियोस्कवर जावे लागते. तिथे काय होते? आधारचा फोटो दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला जातो, दुकानदार तो संगणकावर उतरवून घेतो, प्रिंट काढतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये दिवसभराच्या सगळ्या गिऱ्हाइकांचे आधार, पॅन आणि पासबुकाचे पहिले पान एकाखाली एक साठत जाते. दुकानदार अगदी सज्जन असला तरी त्या संगणकावर कोण कोण बसते आणि त्यात कोणता व्हायरस शिरलेला आहे, हे त्याच्याही हातात नसते. काम झाल्यावर उभे राहून फाइल आपल्या डोळ्यांदेखत पुसायला सांगावी, रीसायकल बिनमधूनही. त्यात संकोच कसला? शिवाय आपल्या फोनमधला तो संदेश ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करावा, पण लक्षात ठेवावे की त्याने संगणकावर उतरवलेली फाइल जात नाही.

त्याहून बरा उपाय म्हणजे जिथे चालते तिथे मास्क्ड आधार देणे. मायआधार पोर्टलवर ‘डाउनलोड आधार’ उघडले की मास्क्डचा पर्याय निवडता येतो. त्यात १२ पैकी पहिले ८ अंक झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. याचा उपयोग काय, असे पुष्कळ जण विचारतात. उपयोग फार नेमका आहे. आधारच्या आधारे यूपीआय पिन नव्याने ठेवायचा तर आधारचे पहिले ६ अंक आणि ओटीपी लागतो. डेबिट कार्डाने ठेवायचा तर कार्डाचे शेवटचे ६ अंक, मुदतीचा महिना-वर्ष आणि ओटीपी लागतो. मास्क्ड आधारात ते पहिले ६ अंक झाकलेले राहतात. पूर्ण आधार आणि डेबिट कार्डाचा फोटो ज्याच्याकडे गेला, त्याला फक्त ओटीपी मिळवायचा उरतो.

आणखी एक बाब इथेच सांगतो, कारण सभासद यादीशी तिचा सरळ संबंध आहे. मायआधारवरून उतरवलेल्या पीडीएफला पासवर्ड असतो, म्हणून लोक ती निर्धास्तपणे ईमेलने पाठवतात. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि पुढे जन्माचे वर्ष. नाव आणि जन्मवर्ष मंडळाच्या यादीत छापलेलेच आहे. बँकांच्या मासिक विवरणांचे पासवर्डही बऱ्याचदा नाव, जन्मतारीख आणि मोबाइलचे काही अंक यांच्याच जुळणीचे असतात. यादी गटात टाकणारे सचिव हा धोका मनातही आणत नाहीत. त्यांना दोष देण्याचा हेतू नाही, पण यादीतून जन्माचे वर्ष आजच्या आज काढून टाकायला हवे. शुभेच्छांसाठी दिवस आणि महिना पुरतो.

झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवे लिहावे: कशासाठी, कोणाला, तारीख, आणि सही. अक्षर फोटोला आणि क्रमांकाला थोडे लागून जावे, म्हणजे कापून दुसरीकडे वापरता येत नाही.

बायोमेट्रिक लॉक हा फारसा कोणी न वापरलेला पण फुकटचा बंदोबस्त. आधारवर चालणाऱ्या रोख व्यवहारात बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात, ओटीपी लागत नाही. मालमत्तेच्या दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून रबरी ठसे बनवल्याचे प्रकार देशात काही ठिकाणी उघडकीला आले आहेत. मायआधार पोर्टलवर किंवा एमआधार अ‍ॅपमध्ये ‘बायोमेट्रिक लॉक’ चालू केले की ठसा, बुबुळ आणि चेहरा तिन्ही बंद होतात. मात्र पेन्शनरांनी एक पथ्य पाळावे. नोव्हेंबरात जीवन प्रमाणपत्र काढायला गेल्यावर चेहरा किंवा बोट ‘जुळत नाही’ असे येते, ते लॉक चालू असल्यामुळेही असू शकते. आधी तात्पुरते उघडावे, काम उरकावे, आणि ते परत बंद झाल्याची खात्री करावी. सिम घेताना आणि रेशनच्या यंत्रावरही हेच. त्याच पोर्टलवर ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ आहे. गेल्या सहा महिन्यांत आपला आधार कुठे कुठे तपासला गेला ते तिथे दिसते. आपण कुठे गेलो नव्हतो त्या तारखेची नोंद दिसली तर १९४७ या आधारच्या मदत क्रमांकावर तक्रार करावी.

जीवन प्रमाणपत्राच्या नावाने येणाऱ्या फोनांबद्दलही सांगून ठेवतो. पेन्शन देणारे कार्यालय फोनवर प्रमाणपत्र भरून देत नाही. पीपीओ (पेन्शन आदेशाचा) क्रमांक, बँक खाते आणि ओटीपी विचारणारा फोन कोणत्याही महिन्यात आला तरी तो ठगाचाच समजावा. प्रमाणपत्र बँकेत, टपाल खात्याच्या घरपोच सेवेने किंवा जीवन प्रमाण अ‍ॅपवर स्वतःच काढावे.

हल्ली पुष्कळ घरे धुतली जातात ती व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या एपीके फाइलींनी, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणाऱ्या फाइलींनी. ‘आरटीओ ई-चालान’, ‘लग्नाची पत्रिका’, ‘वीज बिल अपडेट’, ‘बँक केवायसी’ अशी नावे आणि शेवटी ‘डॉट एपीके’. पत्रिका पीडीएफ असते, फोटो असतो, व्हिडिओ असतो. पत्रिका एपीके कधीच नसते. चालान खरे आहे का हे पाहायचे तर परिवहन खात्याच्या ई-चालान पोर्टलवर स्वतः जाऊन गाडीचा क्रमांक घालावा. वीज तोडण्याची धमकी आली तर वीज कंपनीच्या १९१२ वर विचारावे किंवा झोन कार्यालयात जावे. रात्री साडेनऊला वीज तोडू आणि त्याआधी या मोबाइलवर बोला, असा संदेश दहा अंकी क्रमांकावरून आला म्हणजे तो बनावट.

एपीके नेमके काय करते ते समजले तर भीतीही नेमकी राहील. फाइल नुसती फोनमध्ये उतरल्याने सहसा काही बिघडत नाही. ती उघडली की फोन विचारतो, ‘अनोळखी स्रोतातून अ‍ॅप बसवू द्यायचे का?’ इथे ‘हो’ म्हटले की पुढे एसएमएस, संपर्क आणि कधी ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागितली जाते. एसएमएस वाचण्याची परवानगी मिळाली की ओटीपी तुम्ही सांगायची गरजच उरत नाही. आणि पाठवण्याची मिळाली तर गोष्ट आणखी वाईट. यूपीआय अ‍ॅप नव्या फोनवर सुरू होताना तुमच्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जातो, सिम त्याच फोनमध्ये आहे ही त्याची खूण. ते घुसलेले अ‍ॅप हा एसएमएस गुपचूप तुमच्या फोनवरून पाठवते आणि तुमचे खाते ठगाच्या हातातल्या फोनवर चालू होते. अ‍ॅक्सेसिबिलिटी दिली तर ते पडद्यावर दिसणारे वाचते आणि तुमच्या वतीने बटणेही दाबते. काम झाल्यावर त्याचे चिन्ह पडद्यावरून नाहीसे होते, आणि तुमच्या संपर्कांतल्या सगळ्यांना तीच पत्रिका तुमच्या नावाने जाते. म्हणून ‘मेहुण्यांनी पाठवली होती’ हे आता विश्वासाचे कारण राहिलेले नाही.

बंदोबस्त दहा मिनिटांचा आहे. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये शोधाच्या चौकटीत ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ लिहावे. व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर सगळ्यांपुढे ‘नॉट अलाउड’ असावे. ‘परमिशन मॅनेजर’मध्ये एसएमएस उघडून कोणकोणत्या अ‍ॅपना ती परवानगी आहे ते बघावे, टॉर्च, कॅलेंडर, वॉलपेपर यांना ती लागत नाही. ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त अनोळखी नाव चालू दिसले तर बंद करावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये डॉक्युमेंट आपोआप उतरणे बंद करावे. प्ले स्टोअरमधले ‘प्ले प्रोटेक्ट’ चालू असावे, आणि कोणी फोनवरून ते बंद करायला सांगितले तर तिथेच संभाषण संपवावे. एनीडेस्क, क्विकसपोर्ट ही अ‍ॅप्स मुळात वाईट नाहीत, पण ‘रिफंड’ देणारा माणूस ती बसवायला सांगतो तेव्हा त्याला तुमचा पडदा पाहायचा असतो.

एपीके बसून गेलीच असेल तर घाईने पुसत बसू नये. आधी विमान मोड, वाय-फायही बंद, म्हणजे ओटीपी बाहेर जाणे थांबते. मग दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड बंद करावे. नंतर फोनमधले फोटो दुसरीकडे उतरवून घेऊन फोन फॅक्टरी रीसेट करावा. नुसते अनइन्स्टॉल करून वापर चालू ठेवणे धोक्याचे, कारण सोबत आणखी काय बसले आहे ते वरून दिसत नाही. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून.

सिमबद्दल थोडक्यात. रंगपंचमीच्या गेरमध्ये (मिरवणुकीत) आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत (चित्ररथांच्या मिरवणुकीत) फोन जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. फोनला कुलूप असते, पण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी तिथे घेतो. ते थांबवणारी सोय म्हणजे सिम पिन. सेटिंग्जमध्ये ‘सिम लॉक’ असे मिळते. कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्यावा, अंदाजाने टाकू नये. तीनदा चुकला तर पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडण्याचा कंपनीचा क्रमांक, लागतो आणि पीयूके दहादा चुकला तर सिम कायमचे बाद. त्याबरोबरच कुलूपबंद पडद्यावर संदेशाचा मजकूर दिसणे बंद करावे, नाहीतर कुलूप न उघडताही ओटीपी वाचता येतो. फोन गेल्यावर आधी सिम बंद, मग बँक, मग पोलिसांत तक्रार, आणि तिच्या प्रतीवर दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’ पोर्टलच्या सीईआयआर या हरवलेल्या फोनांच्या विभागात आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) बंद करण्याची मागणी. आयएमईआय *#०६# दाबून आजच लिहून ठेवावा. फोन गेल्यावर खोका शोधण्यात वेळ जातो. ‘संचार साथी’वरच आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसते. एका माणसाच्या नावावर सामान्यतः ९ पर्यंत चालतात, त्यामुळे आणखी दोन-तीन निघाली तर कळतही नाही. अनोळखी क्रमांकापुढे ‘नॉट माय नंबर’ निवडावे.

फोनला अचानक नेटवर्कच नाही आणि शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला आहे, असे झाले तर रीस्टार्ट करून वाट पाहत बसू नये. कोणी आपल्या नावाने दुसरे सिम किंवा ई-सिम काढले असण्याची शक्यता असते. कंपनीला आणि बँकेला लगेच दुसऱ्या फोनवरून विचारावे. कुरिअरवाला म्हणून कोणी ‘*२१*’ किंवा ‘*४०१*’ लावून पुढे एखादा क्रमांक दाबायला सांगत असेल तर तो तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घेतो आहे. चुकून दाबले असेल तर ‘##००२#’ ने सगळी वळवणी रद्द होते.

खरे-खोटे ओळखण्याच्या काही खुणा आता सरकारनेच दिल्या आहेत. बँकांनी सेवेचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करायचे आणि जाहिरातीचे १४० वरून, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. बँकांची संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटावर नेण्याचा आदेश होता, तेव्हा पत्त्याचा शेवट तोच आहे का ते बघावे. गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधून मिळालेला क्रमांक लावू नये. कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा लावावा. आणि पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही.

‘डिजिटल अटके’बद्दल, म्हणजे पोलीस असल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर माणसाला धरून ठेवण्याबद्दल, आपल्या पत्रात पुष्कळ छापून आले आहे, म्हणून फक्त कायद्याचे दोन शब्द. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत व्हिडिओ कॉलवरची अटक हा प्रकारच नाही. कलम ३५ ची हजर राहण्याची नोटीससुद्धा पोलिसांना व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. कोणतीही तपास यंत्रणा ‘पडताळणीसाठी’ तुमच्या ठेवी मोडून दुसऱ्या खात्यात पाठवायला सांगत नाही. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना हे घरच्यांनी समोर बसून सांगायला हवे. ‘कोणाला सांगू नका, कॉल चालू ठेवा’ ही त्या सापळ्याची खरी ओळख आहे.

पैसे गेल्यावर काय, याची माहिती सगळ्यांत कमी आहे आणि तिथे मिनिटामिनिटाने नुकसान होते. गेलेली रक्कम एका खात्यात थांबत नाही. ती भाड्याने घेतलेल्या खात्यांतून तुकडे होऊन पुढे सरकते आणि एटीएममधून रोख निघते. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार लागली की पैसे ज्या बँकांत पोहोचले तिथे उरलेली रक्कम गोठवली जाते. जी निघून गेली ती गोठवता येत नाही. त्यामुळे भावाला, जावयाला, बँकेतल्या ओळखीच्या साहेबांना विचारत बसण्याआधी १९३० लावावा. लागत नसेल तर लावत राहावा आणि दुसऱ्या माणसाने तोवर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार भरायला घ्यावी. हाताशी ठेवायचे ते असे: खाते क्रमांक, बँक, रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा तो १२ अंकी असतो, एनईएफटीचा १६ अक्षर-अंकी, आरटीजीएसचा २२. लोक हा क्रमांक न देता फक्त ठगाचा मोबाइल क्रमांक देतात आणि तिथेच वेळ जातो. ठगाचा संदेश, कॉलची नोंद, क्यूआर यातले काहीही पुसू नये; रागाने किंवा लाजेने चॅट पुसून टाकणारे खूप असतात.

बँकेला वेगळे आणि लेखी कळवावे, तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक ग्राहकाच्या बाजूने बरेच काही सांगते. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच ठिकाणची असेल, तर व्यवहाराची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ती मर्यादित, साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंत. त्यानंतर बँकेच्या धोरणावर. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल द्यायचा. ओटीपी ग्राहकानेच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर आहे. ‘आता काही होणार नाही’ असे खिडकीवर ऐकून परत फिरू नये. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, माहितीसाठी १४४४८. आणि गेलेले पैसे ‘काढून देतो’ म्हणणारे वकील, हॅकर किंवा अधिकारी पुढच्या काही दिवसांत फोन करतात, तीही त्याच टोळीची दुसरी फेरी असू शकते.

मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे की पुढची सभासद यादी काढताना जन्मवर्ष, लग्नाची तारीख, निवृत्तीचे खाते आणि मुलांची नोकरी वगळावी. यादी गटात टाकू नये. ज्याला क्रमांक हवा त्याने कार्यालयात विचारावा. जुन्या पीडीएफ गटांतून प्रशासकांनी काढून टाकाव्यात. गणेशोत्सवाच्या वर्गणीचा क्यूआर फॉरवर्ड न करता मांडवातच लावावा, आणि पैसे पाठवताना पडद्यावर मंडळाचे नाव येते का, हे देणाऱ्याने बघावे.

आपल्याकडे मागणे एवढेच. शोकसंदेशाच्या जाहिरातीत गेलेल्या व्यक्तीचा घरचा पत्ता आणि पत्नीचा मोबाइल छापू नये; एका नातेवाइकाचा क्रमांक पुरे, आणि तोही शक्यतो इंदूरबाहेरच्या किंवा दूरच्या नात्यातल्या माणसाचा नसून ज्याला व्यवहार समजतात त्याचा. जाहिरात घेणाऱ्या काउंटरवर फॉर्ममध्ये तसा रकाना केला तर दुःखात असलेल्या घरच्यांना वेगळे सांगावे लागणार नाही. त्याच पानाच्या तळाशी १९३० हा क्रमांक रोज एका ओळीत छापता आला तर तोही छापावा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
लोकमान्य नगर, इंदूर